होडी घेणाऱ्यास चार शब्द

आमच्या चिपळुणात माझ्याकडे लोक साधारणपणे दोन कामांसाठी येतात. एक म्हणजे कुणाच्या तरी मुलीला वक्तृत्वस्पर्धेत बोलायचे असते आणि ते भाषण मी लिहून द्यावे अशी तिच्या आईची इच्छा असते. दुसरे म्हणजे कुणाला तरी होडी विकत घ्यायची असते. पहिल्या कामासाठी माझे दार ठोठावले जावे हे मी समजू शकतो. मी मराठीचा प्राध्यापक आहे, आणि शब्द हाच माझ्या दुकानातला माल आहे. दुसऱ्या कामाला मी पात्र ठरलो तो एवढ्याच गुणावर, की आमच्या पांढरपेशा आळीत हौसेने होडी घेऊन ती अद्याप बुडवली नाही असा मीच एक इसम आहे. बुडवण्याखेरीज तिचे मी जे जे काही केले, त्याची वार्ता सुदैवाने आळीत पोचलेली नाही.

गेल्याच महिन्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. चहा झाला, पावसाविषयी बोलून झाले, आणि मग मुलीच्या लग्नाचा विषय काढावा तशा हलक्या आवाजात ते म्हणाले, "सर, एक होडी घ्यावी म्हणतो. लहानशीच. तुमच्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगा."

होडी कशाला हवी, असे मी विचारले नाही. 2021 नंतर चिपळुणात हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही.

त्या वर्षीच्या 22 जुलैला वाशिष्ठी गावात आली. तशी ती पूर्वीही येत असे. 2005 च्या जुलैतही येऊन गेली होती, आणि जुन्या घरांच्या भिंतींवर तिच्या येण्याच्या खुणा मुलांच्या उंचीच्या खुणांसारख्या जपून ठेवलेल्या होत्या. या खेपेस ती त्या सगळ्या खुणा ओलांडून गेली. वरून पाऊस थांबत नव्हता आणि खालून खाडीला भरती होती. पाण्याने जावे तरी कुठे? आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पाणी उंबऱ्याला लागले तेव्हा मी कपाटाच्या खालच्या फळीवरली पुस्तके वरच्या फळीवर ठेवू लागलो. संकटकाळी प्राध्यापकाला सुचू शकते ते एवढेच. शेवटी हिने मला दंडाला धरून वरच्या बिऱ्हाडात नेले. आमची मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती जिन्यात उभी राहून पायऱ्या मोजत होती. "बाबा, सहा उरल्या." मी म्हणालो, "आता नाही यायचं पाणी वर." थोड्या वेळाने ती म्हणाली, "चार." मी म्हणालो, "आता मात्र नक्की थांबणार." ते दोनावर थांबले, पण ते माझ्या शब्दाखातर थांबले नाही, हे तिला आणि मला दोघांनाही माहीत होते.

दिवसभर आम्ही खिडकीतून होडीची वाट पाहिली. एक आली, रबराची, जवानांची. ती पलीकडल्या घरातल्या बाळंतिणीला घेऊन गेली, आणि ते योग्यच होते. पाणी ओसरल्यावर घरात उरला तो चिखल. एम. ए. च्या वेळची माझी सारी टिपणे त्यात होती. ती उन्हात वाळत घातली, तर वह्यांची पाने एकमेकांना सोडीनात. त्या वह्यांपाशी बसलो असतानाच मी ठरवले, की आता एक होडी घ्यायची.

गोवळकोटच्या बाजूला खाडीकाठी एका म्हाताऱ्याकडे ती मिळाली. त्याला सगळे तात्या म्हणतात. साऱ्या जन्माची माणसे आणि मासळी त्याने याच पाण्यावरून आणली-नेली. आता मुलगे मुंबईला लागले आहेत आणि गुडघे त्याला दाद देत नाहीत. होडी लाकडी, सपाट बुडाची, चार माणसांची. किंमत सांगत नाही. हिला जी सांगितली आहे तीच इथे सांगावी लागेल, आणि ती खरी नाही.

पुरासाठी होडी हवी, असे मी तात्याला सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मास्तर, पावसाळ्यात व्हडी कुटं असते ठावं हाय काय? पालथी. झापांखाली. नि पुराच्या पान्यात ही घेऊन निगालात, तर तुमी बी जाल नि ती बी जाईल."

म्हणजे ज्या कामासाठी मी होडी घेत होतो, त्या कामाची ती नव्हतीच. शहाणा माणूस तिथूनच परत फिरला असता. परंतु एव्हाना मी होडीत बसून पाहिले होते, आणि एकदा होडीत बसल्यावर माणसाला शहाणपण सांगून उपयोग नसतो.

बँकेच्या साहेबांना मी प्रथम सांगितले ते हे, की लाकडी होडी घेतलीत तर पहिल्या दिवशी घाबरू नका. नारळी पौर्णिमेनंतर माझी होडी प्रथम पाण्यात लोटली, तेव्हा तासाभरात तिच्यात घोटाभर पाणी झाले. म्हाताऱ्याने फसवले, अशी माझी खात्री झाली. तात्या काठावर विडी ओढीत बसला होता. म्हणाला, "तान लागली हाय तिला. पिऊ द्या." आणि खरोखरच दोन दिवसांनी गळती थांबली. महिनोन् महिने कोरड्यात पडलेल्या फळ्या आकसलेल्या असतात. पाणी पिऊन त्या फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. उरलेल्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, आणि साऱ्या बुडाला काजूच्या टरफलांचे तेल द्यायचे. किडीला ते तेल चालत नाही. माणसाच्या कातडीलाही चालत नाही, ही गोष्ट तात्या सांगायला विसरला. मी ते उघड्या हातांनी चोपडले, आणि पुढे आठ दिवस दहा बोटांना पट्ट्या बांधून वर्गात फळ्यावर लिहीत होतो. हल्ली फायबरच्या होड्या मिळतात. त्यांना यातले काहीच लागत नाही. ज्याला नुसते पाण्यावर जायचे आहे त्याने ती घ्यावी. माझी तक्रार नाही. पण फायबरच्या होडीला तहान लागत नाही, आणि ज्याला तहान लागत नाही त्याच्याशी माझे फारसे जमत नाही.

दुसरी गोष्ट दोरीची. होडी धक्क्याला बांधताना दोरी हातभर सैल सोडावी, हे वाचून कुणालाही पटेल. पण भर भरतीला, पाणी धक्क्याला अगदी लागलेले असताना, व्यवस्थित माणसाचा हात दोरी आखूडच बांधतो. मी तशी बांधली, वर दोन गाठी जास्त मारल्या, आणि घरी येऊन समाधानाने झोपलो. सकाळी जाऊन पाहतो तो पाणी खाली गेलेले आणि होडी नाकाने धक्क्याला टांगलेली. आतली वल्ही, डबा, माझी छत्री, सगळे चिखलात. काठावरची चारपाच पोरे ते दृश्य पाहायला जमली होती. त्यांतला एक माझाच विद्यार्थी होता. तो परीक्षेत नापास झाला तेव्हा मला बरे वाटले होते, हे आज कबूल करतो.

तिसरी गोष्ट काठीची. उथळ पाण्यात वल्ह्यापेक्षा बांबूची लांब काठीच कामाला येते. ती तळाशी टेकायची आणि होडी पुढे रेटायची. परंतु आमच्या खाडीचा तळ म्हणजे काही वाळू नव्हे. तो लोण्यासारखा गाळ. काठी त्यात वीतभर जाते आणि मग गाळ तिला सोडत नाही. अशा वेळी होडी पुढे निघालेली असते, काठी मागे राहिलेली असते, आणि दोहोंच्या मध्ये आपण असतो. निर्णयाला क्षणभराचा अवधी असतो. तात्याचा नियम असा, की काठी सोडायची आणि होडी धरायची. मी काठी धरली. मालमत्तेवर माणसाचे प्रेम असते, त्यातून ती काठी नवी होती. बँकेच्या साहेबांना मी सांगितले, की काठीच्या टोकाशी एक आडवी खुट्टी ठोकून घ्या म्हणजे ती फार रुतणार नाही, आणि रुतलीच तर तिच्यावर पाणी सोडा. मी भरपूर सोडले आहे.

मग त्यांनी यंत्राचा विषय काढला. तो येणारच होता. हल्ली हौशी माणूस होडी घेण्याआधी यंत्रच पाहतो. मीही जुने का होईना, एक लहान यंत्र मागाहून बसवले. (यंत्र बसवले की होडीची सरकारी नोंदणी आली, कागद आले, ते टाळू नये.) हे यंत्र थंड राहण्यासाठी खालून पाणी ओढून घेते आणि मागे बारीक धारेने बाहेर टाकते. त्या धारेवर डोळा ठेवायचा. धार बारीक झाली किंवा थांबली, तर समजावे की यंत्राने पाण्याऐवजी गाळ गिळला. मग ते तत्काळ बंद करायचे, वर उचलायचे आणि मुकाट्याने काठी हातात घ्यायची. अमेरिकेत लुइझियानाच्या दलदलीत लोक निराळेच यंत्र वापरतात. ते हवेने थंड होते आणि त्याचा पंखा लांब दांड्याच्या टोकाला, पाण्याच्या अगदी पृष्ठभागालगत फिरतो. त्यामुळे नुसत्या चिखलातूनही होडी फेस उडवीत जाते. थायलंडमध्येही लांब दांड्याच्या यंत्राच्या होड्या आहेत. फोनवर ती चित्रे मी तात्याला दाखवली. त्याने ती दोनदा पाहिली आणि विचारले, "नि चिकलातच बंद पडलं तर?" या प्रश्नाला त्या चित्रात उत्तर नव्हते.

अर्थात्, या सगळ्या गोष्टी किरकोळ आहेत. खरी गोष्ट पाण्याची. खोल पाण्यावरला माणूस होडी केव्हाही काढतो. उथळ पाण्यावरल्याला पाणी म्हणेल तेव्हाच निघावे लागते, आणि ते काय म्हणते ते कळायला पंचांग लागते. तात्याने मला जो हिशेब शिकवला तो कोकण किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीला पाऊण तासाने गुणायचे. चतुर्थी असेल तर भरती पुरी होणार 3 च्या सुमारास, अष्टमीला 6, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढेमागे. सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी, पुन्हा तितक्याच वेळाने भरती, आणि रोज साधारण 50 मिनिटांनी सारे पुढे सरकते. हा हिशेब समुद्राच्या तोंडाचा, म्हणजे दाभोळचा. तिथली भरती खाडीतून वळणे घेत घेत आमच्यापर्यंत येते, तेव्हा ती उशिराच येणार. शिवाय आमच्या नदीला आणखी एक पाहुणा आहे. कोयनेच्या वीजघरांतून सुटणारे पाणी वाशिष्ठीत येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. त्या पाण्याची तिथी मात्र कुठल्याच पंचांगात नसते.

"तुमी कालेजात घड्याळ बगता," तात्या म्हणाला, "हितं चांद बगायचा."

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी चढतेही थोडे, उतरतेही थोडे. नवशिक्याला वाटते, उधाणाला पाणी जास्त, तेव्हा तोच दिवस चांगला. याच्याइतकी घातक समजूत दुसरी नाही. उधाणाच्या भर भरतीला होडी एखाद्या उंचवट्यावर चढून बसली, तर नंतरच्या भरत्या रोज थोड्या थोड्या कमी होत जातात, आणि तिला सोडवायला पाणी येते ते पुढल्या उधाणाला. पंधरा दिवस होडी चिखलात बसून राहते आणि येणारे-जाणारे मालकाची चौकशी करतात. म्हणून नवी वाट पाहायची ती चढत्या पाण्यात. चढत्या पाण्यात रुतलात तर विडी ओढेपर्यंत पाणीच तुम्हाला उचलते. उतरत्या पाण्यात रुतलात तर क्षणाक्षणाला जास्तच रुतत जाता.

आणि पाणी उतरते तेही सारख्या गतीने नव्हे. सहा तासांत जेवढे उतरायचे त्याचे 12 भाग केले, तर ढोबळ मानाने पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिला तास फसवा असतो. पाणी जागचे हललेच नाही असे वाटते, आणि मग पायाखालची सतरंजी ओढावी तसे ते जाते. वळणावर बाहेरच्या अंगाला पाणी खोल असते, आतल्या अंगाला गाळ साठतो. बगळा उभा असेल तिथे होडी नेऊ नये. त्याचे पाय केवढे असतात ते चित्रात सर्वांनी पाहिलेले असते, पण ऐन वेळी कुणाला आठवत नाही.

बँकेच्या साहेबांनी हे सारे एका वहीत टिपून घेतले. शेवटी त्यांनी विचारले, "आणि रुतलोच, तर काय करायचं?"

मी म्हणालो, "होडीतून उतरायचं नाही. काहीही झालं तरी उतरायचं नाही."

"का?"

"नाही उतरायचं," एवढेच मी म्हणालो. ते सज्जन होते. त्यांनी पुन्हा विचारले नाही. त्यांना जे सांगितले नाही ते इथे लिहितो.

2022 च्या भाऊबीजेला माझे मेहुणे पुण्याहून आले होते. त्यांना खाडीतल्या मगरी पाहायच्या होत्या. आमच्याकडे मगरींची वाण नाही. पुढे 2024 च्या पावसाळ्यात तर एक मगर गावच्या रस्त्यावरच फिरायला आली होती. पण तेव्हा त्या पाहण्यासाठी पाण्यावर जावे लागे, आणि मेहुण्यांना नेण्यासाठी माझ्याकडे स्वतःची होडी होती! बहिणीच्या नवऱ्याविषयी त्यांचे मत आजवर फारसे अनुकूल नव्हते. द्वितीया होती. हिशेब साधा होता: दीड वाजता दाभोळला भरती, आमच्याकडे त्याहून उशिरा. जेवणे लांबली, ओवाळणे लांबले, आणि आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मेहुणे, मी आणि आमची मुलगी. ही आली नाही. मुलीला जाकीट मी घातले. स्वतः घातले नाही, कारण त्यात माणूस पोक्त दिसत नाही.

तात्या धक्क्यावर होता. त्याने हाक मारली, "मास्तर, पानी फिरलंय!" मी ती ऐकली. ऐकून हात हलवला, जणू काही तो शुभेच्छाच देत होता.

अर्धा तास फार मजेत गेला. एक मगर दिसली, दुसरी दिसल्यासारखी वाटली. मग जवळून दाखवावी म्हणून मी वळणाच्या आतल्या अंगाला होडी घेतली. मागची धार थांबली. यंत्राने दोनदा खोकल्यासारखे केले आणि ते बंद पडले. काठी घातली, ती रुतली. (ती मात्र या खेपेस सोडली.) पाण्याकडे पाहिले तर होडीच्या दोन्ही अंगांना निवट्या चिखलावर उड्या मारीत होत्या. जिथे मासे चालतात तिथे होडी कशी चालावी?

मेहुणे म्हणाले, "आता?" या एका शब्दात बारा वर्षांचे मत होते. मी धोतर खोचावे तशी पँट खोचली आणि होडी ढकलायला खाली उतरलो.

पहिले पाऊल पोटरीपर्यंत गेले. दुसरे गुडघ्यापर्यंत. पहिले उचलावे म्हणून जोर दिला तर दुसरे मांडीपर्यंत गेले. चिखल थंड नव्हता, दिवसभराच्या उन्हाने कोमट होता, आणि त्याची घाई नव्हती. मी होडीची कड धरली; ती माझ्याकडे कलली. मेहुण्यांनी हात दिला. ती आणखी कलली. मग मी कड सोडून दिली, कारण त्या होडीत मुलगी होती.

ती रडली नाही. तिने विचारले, "बाबा, मगर चिखलात येते का?"

मी म्हणालो, "नाही. चिखलात नाही येत."

ती माझ्याकडे पाहत राहिली. दहा मिनिटांपूर्वी आम्ही तिघांनी मिळून जी मगर पाहिली होती, ती चिखलावरच पहुडलेली होती. मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही पुराच्या वेळीही असंच सांगत होतात."

तेवढ्यात काठावरून आवाज आला. तात्या गुडघ्यांना शिव्या देत बांधाबांधाने तिथवर आला होता. पुढे येणे त्यालाही शक्य नव्हते. "उभं ऱ्हाऊ नुको! आडवं व्हा! बसायची फळी काडा, नि तिच्यावं छाती टाका!" फळी काढली ती मुलीने. मेहुणे होडी सावरून बसले आणि तिने ती फळी माझ्याकडे सरकवली. मी तिच्यावर उताणा व्हावे की पालथा, हेही तात्याने काठावरूनच सांगितले. "पाय उपटू नुको. हलवा. हळू हलवा. पानी आत जाऊ दे." पाय उपटला की चिखल तो ओढतो, हलवत राहिले की पायाभोवती पाणी शिरते आणि पकड सुटते. अर्ध्या तासाने मी सुसरीसारखा सरपटत होडीत आलो. एक चप्पल अजून तिथेच आहे.

नंतर करण्यासारखे काहीच नव्हते. पाणी खाली जायचे होते, थांबायचे होते आणि परत यायचे होते. हिला फोन केला. "किती वाजतील?" या प्रश्नाला मी तास सांगितला, तो चुकला, पुन्हा सांगितला, तोही चुकला. द्वितीयेची कोर लवकर मावळली. डास होते. काठावर तात्या बसून होता. घरी जा, असे मी दोनदा ओरडून सांगितले. उत्तर म्हणून तो मधूनमधून बॅटरी पेटवून दाखवी, म्हणजे आपण आहोत. मुलगी मामाच्या मांडीवर झोपली. माझ्याकडे ती आली नाही, माझे कपडे चिखलाचे होते म्हणून, असे मी तेव्हा स्वतःला समजावले. मध्यरात्रीच्या सुमारास होडीच्या बुडाखाली काहीतरी कुजबुजल्यासारखे झाले, आणि होडी हळूच हलली.

त्यानंतर ती होडीत बसली नाही. मी आग्रह केला नाही. शनिवार-रविवारी मी एकटाच जाई. तात्या कधी बरोबर येई, कधी काठावरून पाही. पहिले वर्षभर त्याने मला होडी सोडूच दिली नाही. नुसते एका जागी बसवून पाणी कसे येते आणि कसे जाते ते पाहायला लावले. काठावर एक वासा रोवायचा, त्यावर कोळशाने खूण करायची आणि पाणी खुणेला लागेपर्यंत बसायचे. कॉलेजात कुणी मला इतके सावकाश शिकवले नव्हते, आणि मीही कुणाला शिकवत नाही. किती वाजता पाणी येईल, असे विचारले की तो हिशेब सांगे, आणि पुढे म्हणे, "येल असं वाटतं. बगू." हे शेवटचे दोन शब्द पंचांगात नाहीत, पण माझ्या लक्षात राहिले ते तेच.

मुलगी आता सहावीत आहे. बँकेचे साहेब माझ्याशी बोलत होते तेव्हा ती आतल्या खोलीत अभ्यास करीत होती, निदान आमची तशी समजूत होती. निरोप घेताना साहेबांनी विचारले, "मग या रविवारी तुमची होडी पाहायला किती वाजता येऊ?" मी बोलणार तोच आतून आवाज आला, "रविवारी तिथी कोणती आहे?"

रविवारी साहेब आले, होडी पाहिली, दोरीची गाठ पाहिली, वहीत आणखी काही टिपले आणि गेले. मुलगी माझ्याबरोबर धक्क्यापर्यंत आली होती. ती पायरीवर बसून राहिली. खाली नुसता चिखल चकाकत होता. मधल्या पात्रात पाण्याची एक बारीक रेघ होती. होडी आडवी पडली होती.

"पाणी येईल ना आता?" तिने विचारले.

"येईल असं वाटतं," मी म्हणालो. "नक्की माहीत नाही. खूण करून बघू या."

तिने माझ्याकडे एकदा पाहिले. मग खिशातून खडू काढला. शाळेतून आणला असावा. सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर तिने एक रेघ ओढली, हात झटकले आणि परत वर येऊन बसली. मीही तिच्या शेजारी बसलो. बराच वेळ झाला तरी रेघ कोरडीच होती.